कारण सरतं, काळजी उरते

‘मला काळजी वाटते’ ही तक्रार घेऊन सहसा कुणी डॉक्टरकडे जात नाही. मान आखडते, पित्त उसळतं, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, दुपारपर्यंत अंगातलं त्राण संपतं, अशा तक्रारी घेऊन माणूस जातो. ईसीजी व्यवस्थित येतो, एंडोस्कोपीत काही सापडत नाही, साखरही आटोक्यात असते. डॉक्टर म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका.’ घरी आल्यावर घरचेही तेच म्हणतात. काही दिवसांनी नवी तक्रार, नवा डॉक्टर, नव्या तपासण्या. हे वर्षानुवर्षं चालू शकतं आणि फायलींच्या त्या चळतीत मूळ दुखण्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं.

ते नाव आहे जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर, थोडक्यात जीएडी. मराठीत त्याला सर्वव्यापी चिंताविकार म्हणता येईल. उंचीची, कुत्र्याची किंवा विमानप्रवासाची भीती असणाऱ्याला ती गोष्ट टाळता तरी येते. जीएडीमध्ये चिंतेचा विषय एक नसतो. तब्येत, पैसा, नोकरी, मुलं, गावाकडचे आईवडील, उद्याची मीटिंग, गॅस बंद केला की नाही, अशा रोजच्या जगण्यातल्या सगळ्याच गोष्टींना ती आळीपाळीने चिकटते. हा आजार घरच्या घरी ओळखता यावा आणि ओळखल्यावर योग्य दारी जाता यावं, एवढ्याच हेतूने हे पुस्तक बंगळुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हाती देत आहोत. निदान करणं डॉक्टरचं काम आहे. पण डॉक्टरच्या दारापर्यंत माणसाला न्यायचं काम घरच्यांचं, मित्रांचं आणि अनेकदा त्या माणसाचं स्वतःचंच असतं. ही प्रस्तावना त्या पहिल्या टप्प्याविषयी आहे.

हा टप्पा इतका अवघड का? कारण आपल्या घरांमध्ये काळजी हा गुण मानला जातो. मुलगा घरी पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जागी राहणारी आई, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढून ठेवणारे बाबा, ऑफिसातला एकही मेल तीनदा वाचल्याशिवाय न पाठवणारी सून, यांच्याबद्दल आपण कौतुकाने बोलतो. ‘तिचा जीव फार अडकतो सगळ्यांत’, ‘त्याला निष्काळजीपणा जमतच नाही’ असं म्हणतो. या कौतुकाच्या आड आजार निवांत वाढतो. दारू पिणाऱ्याचं व्यसन घरात खुपतं, नैराश्यात गेलेल्याचं अंथरुणाला खिळणं दिसतं. पण जीएडी असलेला माणूस बहुधा कामावर वेळेत जातो, बिलं वेळेत भरतो, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो. बाहेरून त्याचं आयुष्य नीटनेटकं दिसतं. आत तो दिवसभर न घडलेल्या संकटांशी लढत असतो.

म्हणून ओळखण्याची पहिली खूण काळजीच्या विषयात शोधायची नसते. विषय बहुतेक वेळा खराच असतो. वडिलांचं बीपी खरंच वाढलेलं असतं, कंपनीत खरंच नोकरकपात चाललेली असते. बघायचं ते हे, की कारण संपल्यावर काळजीचं काय होतं. साधी काळजी कारणाला बांधलेली असते. मुलीला ताप आला की जीव खालीवर होतो, ताप उतरला की झोप लागते. जीएडीमध्ये ताप उतरतो त्याच रात्री शाळेतल्या ॲडमिशनचा विषय निघतो. ॲडमिशन झाली की स्कूलबसचा, बसचं मार्गी लागलं की गृहकर्जाचा. कारण सरतं, काळजी उरते आणि नव्या कारणाच्या शोधात निघते. गेल्या वर्षभरातल्या चिंता आठवून पाहिल्या आणि त्यातल्या बहुतेक मिटलेल्या असूनही मन एक आठवडाही मोकळं नव्हतं असं दिसलं, तर ती खूण गंभीरपणे घ्यायला हवी.

दुसरी खूण प्रमाणाची. देवनहळ्ळीचा विमानतळ गाठायचा तर बंगळुरातला शहाणा माणूस चार तास आधी घर सोडतो. हेब्बाळच्या आसपास अडकलेल्या कुणालाही हे पटेल. ही दक्षता झाली. पण त्याच प्रवासाआधी आठवडाभर झोप उडणं, तिकीट रोज उघडून तारीख तपासणं, अन्न न जाणं आणि विमानात बसल्यावर परतीच्या प्रवासाची धास्ती सुरू होणं, हे दक्षतेच्या पलीकडचं आहे. दक्षतेतून एखादी कृती होते आणि कृती झाली की मन सुटतं. चिंताविकारात कृती होऊनही मन सुटत नाही.

तिसरी खूण ताब्याची. ‘विचार करू नकोस’ हा सल्ला या माणसाने स्वतःलाच हजारदा दिलेला असतो. आपण नको इतकी काळजी करतो हे त्याला बहुधा कळतही असतं. तरी विचार थांबत नाही. आपल्याकडे म्हणतात, मन चिंती ते वैरी न चिंती. या आजारात मन ते काम अखंड करत राहतं आणि माणूस हताशपणे बघत राहतो. त्याला आळशी, भित्रा किंवा कमकुवत म्हणणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

वैद्यकाला या तीन खुणांपर्यंत यायला बराच काळ लागला. १८९५ मध्ये फ्रॉइडने चिंतेच्या आजाराला ‘मज्जातंतूंचा थकवा’ या तेव्हाच्या सरसकट निदानातून वेगळं काढलं. त्यानंतर जवळजवळ शतकभर सगळी चिंता एकाच खात्यात जमा होत होती. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेने, म्हणजे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीने, अचानक उसळणारे पॅनिकचे झटके एका बाजूला काढले आणि सतत रेंगाळणाऱ्या चिंतेला जीएडी हे स्वतंत्र नाव दिलं. तेव्हा महिनाभराची चिंता निदानाला पुरत असे. १९८७ मध्ये ही मुदत सहा महिने झाली, म्हणजे आयुष्यातल्या एखाद्या कठीण महिन्याला आजार म्हणण्याची चूक टळली. त्या वेळी यादीत अठरा लक्षणं होती. १९९४ मध्ये ती सहावर आणली गेली आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतही तीच सहा राहिली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली वर्गवारी, आयसीडी-११, ‘किमान काही महिने’ एवढंच म्हणते, पण चित्र तेच रेखाटते.

ती सहा लक्षणं नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण आपण त्यांना रोज वेगळ्याच नावांनी भेटत असतो. पहिलं, अस्वस्थता. एका जागी बसवत नाही, सुट्टीच्या दिवशीही काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. दुसरं, लवकर थकणं. कष्ट न करता आलेला हा थकवा ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकांवर निभावला जातो. तिसरं, लक्ष न लागणं किंवा डोकं एकदम रिकामं होणं. माणूस वाचतो ते पान पुन्हा वाचतो आणि विसरभोळेपणाचीच नवी काळजी करू लागतो. चौथं, चिडचिड. घरातल्यांना सगळ्यात आधी दिसतं ते हेच, आणि ‘स्वभाव बिघडला’ म्हणून त्याची वासलात लावली जाते. पाचवं, स्नायूंचा ताण. मान, खांदे, पाठ, जबडा. अनेकांना सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, कारण रात्रभर दात आवळलेले असतात. सहावं, झोप. पडल्यावर लागत नाही, लागली तर टिकत नाही आणि टिकली तरी उठल्यावर ताजेपणा नसतो. मोठ्या माणसात यांपैकी तीन किंवा अधिक, लहान मुलात एक, सहा महिन्यांत बहुतेक दिवस, अनावर चिंतेच्या जोडीने दिसत असतील आणि त्यामुळे काम, नाती किंवा रोजचं जगणं बिघडत असेल, तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात.

स्नायूंच्या ताणाकडे मुद्दाम लक्ष वेधतो. पॅनिकच्या झटक्यात काळीज धडधडतं, श्वास कोंडतो, आता मरतो असं वाटतं आणि काही मिनिटांत लाट ओसरते. जीएडीत लाट येत नाही, पाणी उतरतही नाही. शरीर दिवसभर अर्ध्या सज्जतेत असतं, जणू कुणीतरी कोणत्याही क्षणी हाक मारणार आहे. ही सज्जता धोक्याला तोंड देण्यासाठी निसर्गाने दिलेली आहे. खरा धोका टळला की ती उतरायला हवी. मनात सतत ‘असं झालं तर?’ चालू असेल, तर मेंदू तिला उतरू देत नाही. म्हणूनच हा माणूस ऑर्थोपेडिककडे, पोटाच्या डॉक्टरकडे, डोकेदुखीच्या गोळ्यांकडे वळतो. दुखणं शरीरात असतं आणि ते अगदी खरं असतं.

लक्षणांच्या यादीत नसलेल्या, पण घरात राहणाऱ्यांना सहज टिपता येणाऱ्या आणखी काही खुणा वागण्यात असतात. सगळ्यात ठळक म्हणजे पुन्हापुन्हा दिलासा मागणं. ‘सगळं ठीक होईल ना?’ या प्रश्नाला तुम्ही ‘हो’ म्हणता, दहा मिनिटं बरं जातं आणि प्रश्न परत येतो. फोन लागला नाही की लागोपाठ फोन. मोबाइलवर लोकेशन पाहत राहणं. साधं दुखणं इंटरनेटवर शोधत भलत्या आजारापर्यंत पोहोचणं. छोटे निर्णयही लांबवणं, कारण चुकीचा निघाला तर? काम दुसऱ्यावर न सोपवणं. सहल, लग्नकार्य, बढती नाकारणं आणि त्याला भलतीच कारणं देणं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल दुगा यांनी या सगळ्याच्या मुळाशी अनिश्चितता सहन न होणं दाखवलं आहे. वाईट बातमीपेक्षा ‘कळत नाही’ ही अवस्था या माणसाला जास्त छळते. आणि मनाच्या तळाशी एक श्रद्धा दडलेली असते: मी काळजी करतोय म्हणून सगळं सुरळीत चाललंय, मी सैल सोडलं की काहीतरी होईल. ही श्रद्धा तपासून पाहता येते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात जीएडी असलेल्यांनी आपल्या चिंता लिहून ठेवल्या आणि पुढे काय झालं त्याची नोंद केली. सुमारे ९१ टक्के चिंता खऱ्या ठरल्या नाहीत. ज्यांच्या नोंदींत हे अधिक स्पष्ट दिसलं, त्यांना उपचाराचा गुणही अधिक आला.

वयानुसार या आजाराचं रूप पालटतं. शाळकरी मुलात तो पोटदुखी, खाडाखोड, वही पुन्हा लिहून काढणं, परीक्षेआधीची उलटी अशा रूपात दिसतो आणि ‘मूल अभ्यासू आहे’ या समाधानात झाकला जातो. तरुणांत तो करिअरच्या नावाखाली वावरतो. निदान बहुधा तिशीच्या आसपास होतं, पण विचारलं की माणूस सांगतो, ‘मी लहानपणापासून असाच आहे.’ बायकांमध्ये याचं प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. वृद्धांत चिंता तब्येतीभोवती आणि पडण्याच्या भीतीभोवती फिरते, आणि ‘वय झालं’ या दोन शब्दांत तिचा निकाल लागतो.

बंगळूर हे आजाराचं कारण नाही. काहींचा पिंड जन्मतःच अधिक भिडस्त आणि भयशील असतो, घराण्यातही तो धागा असतो, बालपणीच्या अनुभवांचाही वाटा असतो. पण अशा पिंडाला हे शहर भरपूर खाद्य पुरवतं. सांगली, सोलापूर, बेळगाव, नागपुराहून आलेलं जोडपं व्हाइटफिल्डला किंवा सर्जापूर रोडला राहतं. दोघांच्या नोकऱ्या, आउटर रिंग रोडवरचे तासन्‌तास, रात्री अमेरिकेशी कॉल, ऑन-कॉलचा आठवडा, दर तिमाहीला नोकरकपातीची कुजबूज, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता आणि गावाकडे एकटे आईवडील. नातवंडाला सांभाळायला आलेल्या आजीचं वेगळंच. खाली बागेत बोलायला कुणी नाही, कन्नड येत नाही, घर दिवसभर बंद, आणि मुलगा-सून रस्त्यावर असेपर्यंत तिचा जीव टांगणीला. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, या शहरात मराठी कुटुंबं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेल्या मराठा, भावसार, नामदेव शिंपी घरांत नातेवाइकांचा गोतावळा तरी असतो. नव्याने आलेल्यांकडे तोही नसतो. सोसायटीतल्या ओळखी हसण्याबोलण्यापुरत्या, ऑफिसात मन उघडं करायची धास्ती, आणि आईला सांगावं तर ती तिकडे झोपायची नाही. म्हणून चिंता बोललीच जात नाही, शरीरातून बाहेर पडते.

या न बोलण्याचा अभ्यास याच शहरात झालेला आहे. होसूर रोडवरची निम्हान्स ही संस्था देशातल्या मानसोपचाराचं प्रमुख केंद्र आहे. म्हैसूर संस्थानाच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि १९७४ मध्ये दोन्ही एकत्र येऊन निम्हान्स झाली. तिथले डॉ. आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंगळुरातल्या ८० रुग्णांशी सविस्तर बोलून एक गोष्ट दाखवली. अभ्यास नैराश्यावरचा होता, पण आपल्या विषयालाही तितकाच लागू पडतो. मनाची लक्षणं जितकी तीव्र, तितकी लोकलाजेची भावना अधिक होती. शारीरिक तक्रारी जितक्या जास्त, तितकी ती कमी होती. अंगदुखी कुणालाही होते. मनाचं दुखणं कळलं तर लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, ही भीती. आपली माणसं डोकेदुखी सांगतात आणि घोर लपवतात यामागे असं साधं, दुःखद गणित आहे. ते चुकीचं ठरवून दोष देण्यापेक्षा डोकेदुखी सांगणाऱ्याला झोपेबद्दल आणि मनाबद्दल विचारणं अधिक उपयोगाचं.

निम्हान्सनेच २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती झाल्या. पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि महानगरांत हे प्रमाण ग्रामीण भागाच्या सुमारे दुप्पट होतं. चिंता आणि नैराश्य यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारांत उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण ८५ टक्के निघालं. म्हणजे सात जणांतल्या सहा जणांचं दुखणं उपचारांविनाच चाललेलं होतं. औषधं उपलब्ध आहेत, तज्ज्ञ अपुरे असले तरी या शहरात इतरांपेक्षा बरे आहेत. तरीही एवढी माणसं बाहेर राहतात, याचं एक मोठं कारण आजार ओळखलाच जात नाही हे आहे.

ओळखताना घाईही नको. थायरॉइड वाढला की हात थरथरतात, धडधड होते, झोप उडते. हे चित्र जीएडीसारखंच दिसतं आणि रक्ताच्या साध्या तपासणीत वेगळं होतं. रक्त कमी असणं, हृदयाच्या ठोक्यांतली अनियमितता, साखर एकदम उतरणं यांनीही घाबरल्यासारखं होतं. दम्यासाठी ओढल्या जाणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाने हात थरथरतात, आणि दमा या शहरात कमी नाही. दिवसाकाठी पाच-सहा पेले फिल्टर कॉफी घेणाऱ्याने आधी ती कमी करून बघावी. संध्याकाळच्या दोन पेगांनी चिंता बुडते असं वाटतं, पण नशा उतरताना ती व्याजासकट परतते. नैराश्य तर या आजाराच्या हातात हात घालूनच येतं. म्हणून फॅमिली डॉक्टर हेच पहिलं दार. त्यांना शारीरिक तक्रारींबरोबर ‘डोक्यात दिवसभर विचार चालू असतात’ हे एक वाक्य सांगितलं, तरी तपासाची दिशा बदलू शकते.

२००६ मध्ये तयार झालेली जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी दवाखान्यांत सर्रास वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत काय किती वेळा जाणवलं, याला शून्य ते तीन गुण. एकूण २१. दहा किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञांना दाखवावं. ही चाचणी ताप मोजावा तशी आहे. आकडा लक्ष द्यायला सांगतो, निदान करत नाही. कमी गुण आले म्हणून हाल सोसत बसू नये आणि जास्त आले म्हणून स्वतःवर शिक्का मारू नये.

उपचारांविषयी पुढे विस्ताराने वाचायला मिळेल. इथे आशा वाटण्यापुरतं सांगतो. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, या आजारात चांगला उपयोगी ठरलेला आहे. त्यात चिंता दाबायला शिकवत नाहीत. ती कागदावर आणायला, तपासायला, टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायला आणि अनिश्चिततेसह जगायला शिकवतात. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोरकोव्हेक यांनी १९८३ मध्ये मांडलेली एक युक्ती आजही वापरात आहे: चिंतेसाठी रोज ठरलेली अर्ध्या तासाची वेळ आणि ठरलेली जागा, बाकी वेळी मनात आलेली चिंता त्या वेळेवर ढकलायची. अनेकांना औषधांची गरज लागते. एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, सुरुवातीला थोडी बेचैनी वाढूही शकते, आणि बरं वाटल्यावर त्या लगेच बंद करायच्या नसतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या तात्काळ शांत करतात, पण त्यांची सवय लागते आणि एकदम थांबवल्यास धोका होतो. शेजारणीला लागू पडली म्हणून झोपेची गोळी घेणं हा उपाय नव्हे. व्यायाम, योगासनं, श्वासाचे अभ्यास यांची मदत होते, मात्र मध्यम किंवा तीव्र आजारात त्यांच्यावरच विसंबणं बरोबर नाही. मीठमोहऱ्या उतरवल्याने आईला समाधान मिळत असेल तर त्यावरून भांडू नये. फक्त त्यासाठी डॉक्टरची भेट पुढे ढकलू नये.

घरच्यांनी काय करावं? आधी ऐकावं. ‘एवढं काय त्यात’ हे वाक्य घरातून हद्दपार करावं. ‘तुला काही झालेलं नाही’ असं म्हणण्याऐवजी ‘तुला त्रास होतोय हे मला दिसतंय, किती दिवसांपासून होतोय?’ असं विचारावं. पुन्हापुन्हा दिलासा देत राहिल्याने दिलाशाची भूक वाढते, हे उपचारकाच्या मदतीने समजून घ्यावं आणि प्रेमाने, सावकाश ते कमी करावं. पहिल्या भेटीला सोबत जावं. बंगळुरात वाढलेल्या दीपिका पदुकोण यांनी २०१५ मध्ये आपल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितलं, तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगितली: काहीतरी बिनसलं आहे हे त्यांच्या आईने ओळखलं आणि तज्ज्ञाकडे जायला सांगितलं. आजार निराळा असला तरी धडा तोच. ओळखणारं कुणीतरी घरात असावं लागतं.

दारंही आहेत. निम्हान्सच्या बाह्यरुग्ण विभागात थेट जाता येतं आणि खर्च परवडण्याजोगा असतो. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. चिंतेसोबत जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर थांबू नये, त्याच दिवशी हा क्रमांक लावावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावं. आजीसाठी मराठी समजणारा उपचारक शोधण्याचे कष्ट जरूर घ्यावेत. पोटात गोळा येणं, जीवाला घोर लागणं, हातपाय गळणं हे दुभाष्याच्या मार्फत सांगताना अर्धं सांडतं. महाराष्ट्रातल्या उपचारकाशी व्हिडिओवर बोलण्याची सोय आता आहे, तीही वापरावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणं हा हक्क मानला आहे आणि आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगितलं आहे.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक वाचताना स्वतःकडे किंवा घरातल्या एखाद्या जबाबदार, कष्टाळू, सगळ्यांची काळजी वाहणाऱ्या माणसाकडे बघा आणि विचारा: शेवटचं निश्चिंत झोपून किती महिने झाले? उत्तर सहा महिन्यांपेक्षा जास्त आलं, किंवा उत्तरच आठवलं नाही, तर पुढचं प्रकरण वाचण्याआधी डॉक्टरची वेळ ठरवा. पुस्तक वाट पाहील. इतकी वर्षं सगळ्यांची काळजी घेणाऱ्या त्या माणसाची काळजी आता दुसऱ्या कुणीतरी घ्यायची आहे, आणि ती घेण्याइतकं ज्ञान, औषध आणि माणसं या शहरात आहेत.